बोरखिंडवाडीचं सातवं घर

शरिफाबाई पोशिलकरांना मी कामावर घेतलं ते त्यांच्या अक्षरामुळे. दोन हजार चारच्या जानेवारीत आमच्या सांख्यिकी खात्याला सहा महिन्यांसाठी कंत्राटी माणसं हवी होती. महाडमधून अकरा अर्ज आले. बहुतेक टाइप केलेले. बाईंचा हाताने लिहिलेला, आणि त्यातले आकडे इतके सुटे नि स्वच्छ की एक आणि सातमध्ये कुणाची गफलत होऊ नये. आमच्या धंद्यात एवढं जमलं की निम्मं काम झालं.

तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. वडील बिलालभाई ट्रकवर होते, वरंध घाटातून पुण्याला माल नेत. मुलीला त्यांनी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. होऊ दिलं. नवरा फुरकान शारजात गाडी चालवायचा, दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी. घरात सासू आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलाखतीत मी विचारलं, "डोंगरात पायपीट आहे. कशाला हवी ही नोकरी?" त्या म्हणाल्या, "घरी बोलायला सासूबाई आहेत आणि शुक्रवारचा फोन आहे. मला माणसांशी बोलायचंय, सर."

काम आजारपणाच्या पाहणीचं होतं. देशभरातून काही हजार गावं निवडायची, प्रत्येक गावातली दहा घरं घ्यायची आणि दोन मुख्य गोष्टी विचारायच्या. गेल्या तीनशे पासष्ट दिवसांत घरातलं कुणी दवाखान्यात भरती झालं का? गेल्या पंधरा दिवसांत कुणी आजारी पडलं का, पडलं असेल तर औषधपाणी कुठे केलं, केलं नसेल तर का नाही? या उत्तरांवरून दिल्लीत तक्ते होतात. देशात दर हजार माणसांमागे किती जण भरती होतात, किती जण डॉक्टरला दाखवून घरी जातात, किती जण काहीच करत नाहीत.

प्रशिक्षण मीच दिलं. बावीस वर्षं या खात्यात काढलेली, त्यामुळे नियम तोंडपाठ. आपण डॉक्टर नाही. सल्ला द्यायचा नाही. उत्तर सुचवायचं नाही. समोरचा सांगेल तेच लिहायचं. शरिफाबाईंनी हात वर केला. "आणि समोरचं माणूस खरंच आजारी दिसलं तर?"

"तर तेही लिहायचं," मी म्हणालो.

पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी मला चकित केलं. माझे पुरुष अन्वेषक ओटीवर बसून घरधन्याला विचारत. घरधनी म्हणे, आमच्यात कोण आजारी नाय. संपलं. बाई ओटीवरची माहिती घेऊन झाली की पाणी मागायच्या निमित्ताने चुलीपाशी जात, आणि तिथून आजार बाहेर पडत. एकीला दम लागायचा, एकीच्या अंगावरून जात होतं, एकीला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. इतरांच्या दहा घरांत दोन-तीन आजार, यांच्या दहा घरांत नऊ-दहा. वरून पत्र आलं, आजारांचं प्रमाण अवाजवी वाटतं, फेरतपासणी करावी. मी दोन गावं स्वतः फिरलो. एकही नोंद खोटी निघाली नाही.

एप्रिलमध्ये निवडीत पोलादपूर तालुक्यातली बोरखिंडवाडी निघाली. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून एक पायवाट वर चढते, दीड तासाचा चढ, मग वाडी. अडतीस घरं. त्यांतली सतरा कुलुपबंद, माणसं मुंबईला. उरलेल्या घरांत म्हातारे, बायका, लहान पोरं. आधी सगळ्या घरांची यादी करायची आणि प्रत्येक घराला विचारायचं, वर्षभरात कुणी भरती झालं का. यादी माझ्याकडे आली तेव्हा तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

"एकही नाही?" मी विचारलं.

"एकही नाही. पण सर, वर्षात तीन माणसं गेली या वाडीत. तिघंही घरीच."

मृत्यूंची नोंद फॉर्मात दुसरीकडे होती. ती केली आहे ना, एवढं पाहून मी यादीवर सही केली.

निवडलेल्या दहा घरांतलं सातवं घर हैबतीचं. पुढचं मी सांगतोय ते थोडं शरिफाबाईंकडून कळलेलं, थोडं नंतर त्या घरातल्या सुनेकडून.

बाई पोचल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. हैबती अंगणात बांबूच्या कांबी काढत बसला होता. त्याची बायको चंद्राबाई उंबऱ्यात उभी राहिली.

"कशाची गो बाय तू? मतांची का पोलिओची?"

"आजारपणाची, मावशी."

"आमच्यात नाय कोन आजारी," चंद्राबाई म्हणाली, पण बसायला पाट दिला.

घरात तीन माणसं. मुलगा मोरू मुंबईला बेकरीत कामाला. सून सारिका, वय बावीस, आठव्या महिन्याची गरोदर. ती भिंतीला धरून बाहेर आली. पाय सुजून चकचकीत झाले होते. मनगटावरच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. तोंडही सुजलेलं.

"डोकं दुखतं का तुझं?" शरिफाबाईंनी विचारलं.

"चार दिस झालं. थांबतच नाय."

"नीट दिसतं?"

सारिकाने सासूकडे पाहिलं. "कवाकवा दोन-दोन दिसतंय."

"पोटुशीचं पाय सुजतातच गो," चंद्राबाई मध्ये बोलली. "मोरूच्या टायमाला माजं बी सुजलंवतं. उन्हातनं झऱ्याचं पानी आनतेय, मग डोकं दुखायचंच."

बाईंनी लिहिलं. आजार, डोकेदुखी आणि सूज. दिवस, चार. उपचार, नाही. आता कारण हवं होतं. त्यांनी छापील यादीतली कारणं एकेक वाचून दाखवली. दवाखाना लांब आहे म्हणून? खर्च झेपत नाही म्हणून? दवाखान्यावर भरवसा नाही म्हणून?

"तसलं कायपन नाय. येवढं काय हाय त्यात?" चंद्राबाई म्हणाली.

यादीत त्यालाही कोड होता. आजार गंभीर वाटला नाही. बाईंनी तो चौकटीत भरला.

त्यांच्या नणंदेला दोन वर्षांपूर्वी अगदी असंच झालं होतं. अशीच सूज, असंच डोकं. महाडच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहून त्याच घटकेला भरती करून घेतलं होतं, म्हणून ती आणि बाळ दोघं वाचली. हे सगळं बाईंना त्या अंगणात आठवत होतं. निघताना त्या उंबऱ्यात थांबल्या. पण अजून तीन घरं उरली होती, खाली उतरून साडेपाचची एस.टी. गाठायची होती, आणि मी घातलेली शिस्त डोक्यात होती. "हिला जरा आराम करू द्या, मावशी," एवढंच म्हणून त्या पुढच्या घराकडे वळल्या.

संध्याकाळी पोलादपूरच्या स्टँडवरच्या कँटीनमध्ये मी त्यांचे फॉर्म तपासत होतो. सातव्या घराचा फॉर्म पाहून झाला, बाजूला ठेवला.

"सर, ती मुलगी बरी नाही," त्या म्हणाल्या.

"लिहिलंय ना तुम्ही?"

"लिहिलंय."

"मग झालं," मी म्हणालो आणि आठवा फॉर्म उचलला. त्यांनी चहा घेतला नाही हे माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, चढ-उताराने दमल्या असतील.

दुसऱ्या दिवशी त्यांना दुसऱ्या वाडीत जायचं होतं. साडेदहापर्यंत त्या स्टँडवर आल्या नाहीत. कंत्राटी माणसं अशी मध्येच सोडून जातात, तशातलाच प्रकार असावा असं वाटून मी चिडलो. अकराला खात्याची भाड्याची जीप घेऊन त्यांना शोधायला निघालो. घाटातल्या चहावाल्याने सांगितलं, ओढणीवाली बाई सकाळच्या पहिल्या गाडीने उतरली आणि बोरखिंडीच्या वाटेने गेली.

वर काय झालं ते सारिकाने मला सांगितलं. शरिफाबाई आल्या तेव्हा ती आतल्या खोलीत पडून होती. चंद्राबाई बाहेर येऊन म्हणाली, "परत कशाला आलीस? सगलं सांगितलं की काल."

"काल कागदासाठी आले होते, मावशी. आज कागद आणलेच नाहीत. हिला खाली न्यायला हवं. आत्ता."

चंद्राबाईने कारणं सांगितली. मोरूला कळवल्याशिवाय कसं नेणार, वाडीत खांदा द्यायला गडी नाही, आठव्या महिन्यात घाटातले हिसके बसले तर काय होईल. शरिफाबाईंनी नणंदेची गोष्ट सांगितली. दोनदा सांगितली. हैबती कांबी काढता काढता ऐकत होता. मग त्याने कोयता खाली ठेवला आणि बायकोला म्हणाला, "घोंगडी काड."

जाड बांबूला घोंगडी बांधून डोली केली. खांद्याला हैबती, शेजारचा साठीचा सदू आणि वाडीतल्या दोन बाया. पाळीपाळीने चंद्राबाई आणि शरिफाबाई. दीड तासाची वाट उतरायला अडीच तास लागले.

मी पायवाटेच्या तोंडाशी जीप लावून उभा होतो. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, त्यात 'बेजबाबदार' हा शब्दही होता. करवंदीच्या जाळीतून डोली बाहेर आली. पुढच्या खांद्याला शरिफाबाई होत्या. ओढणीची चुंबळ करून बांबूखाली घेतलेली, एका पायात चप्पल नाही. त्यांनी मला पाहिलं आणि फक्त म्हणाल्या, "सर, मागची सीट मोकळी करा."

मी फॉर्मांचे गठ्ठे पुढे टाकले.

पोलादपूरच्या अलीकडे सारिकाला झटका आला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले आणि सगळं अंग उडायला लागलं. शरिफाबाईंनी तिला कुशीवर वळवून घट्ट धरलं. चंद्राबाई सुनेचे पाय धरून एकसारखी तिचं नाव घेत होती. ड्रायव्हर वळणावळणाला हॉर्न देत होता. मी पुढे बसलो होतो, हातात ते गठ्ठे, आणि मला मागे वळून पाहवत नव्हतं.

पोलादपुरात डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि सोबत नर्स देऊन महाडला पाठवलं. महाडला पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. पाचच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगा होता. आई बेशुद्ध होती, आज-उद्याचं काही सांगता येत नव्हतं. कुणाला दोष द्यायला म्हणून नव्हे, पण ते म्हणाले, "काल आणली असती तर बाळाची थोडी आशा होती."

चंद्राबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिने ते ऐकलं. मग शरिफाबाईंकडे न बघताच म्हणाली, "तुला काल म्हाईत व्हतं."

शरिफाबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"माज्या अंगनात बसलीस. तिचं पाय बगितलंस, हात बगितलंस. तुला म्हाईत व्हतं. मी अडानी. मी बोल्ले काय नाय म्हनून, तू बी लिवलंस काय नाय म्हनून."

"हो, मावशी," शरिफाबाई म्हणाल्या.

मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होतो, नियमाचं, माझ्या सूचनेचं. बाईंनी हाताने मला थांबवलं. चंद्राबाई मग रडली. आधी नुसती हुंदके देत, नंतर मोठ्याने, आणि त्यात "मी गो, मीच गो" असं म्हणत. शरिफाबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, पण हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही.

सारिका तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. एकूण एकोणीस दिवस दवाखान्यात राहिली. डाव्या डोळ्याची नजर अधू झाली ती तशीच राहिली.

त्याच आठवड्यात बोरखिंडवाडीचे फॉर्म वर पाठवायचे होते. शरिफाबाई ऑफिसात आल्या आणि सातव्या घराचा फॉर्म मागितला.

"यात दोन दुरुस्त्या करायच्यात, सर. भरतीच्या रकान्यात एक, आणि कारणाचा कोड."

मी त्यांना खुर्ची दिली. समजावून सांगितलं. पाहणी ज्या दिवशी झाली त्याच्या आधीचे तीनशे पासष्ट दिवस मोजायचे. सारिका दुसऱ्या दिवशी भरती झाली, म्हणून ती धरता येत नाही.

"बरं. मग कोड? गंभीर वाटला नाही, हे खोटं आहे."

"खोटं नाही. त्या दिवशी त्या बाईला तसंच वाटत होतं."

"मला वाटत नव्हतं."

"तुम्हाला काय वाटतं त्याला फॉर्मात रकाना नाही, शरिफाबाई."

हे मी म्हणालो. आवाज चढवला नव्हता, पण म्हणालो. आजही मला विचाराल तर नियम बरोबर होता असंच सांगेन. प्रत्येक अन्वेषक स्वतःला वाटेल ते भरू लागला तर देशाच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवायचा? तरी त्या दिवशी त्या फॉर्मावर सही करताना कोडाच्या चौकटीतला त्यांचा तो एरवी स्वच्छ आकडा वेडावाकडा आलेला मी पाहिला, आणि नंतर किती तरी दिवस मला जेवण गोड लागलं नाही. व्हरांड्यात बोलायला हवं होतं ते मी तेव्हाही बोललो नाही, की सल्ला द्यायचा नाही असं या बाईंना मीच सांगितलं होतं.

त्यांनी जूनअखेरपर्यंत काम केलं. एकही घर सोडलं नाही, एकही फॉर्म अपुरा ठेवला नाही. फक्त एक बदल झाला. फॉर्म पुरा करून त्या सही करत, पेनाला टोपण लावत, कागद पिशवीत घालून पिशवी दूर ठेवत. आणि मग त्या घरातल्या माणसांशी वेगळं बोलायला सुरुवात करत. हा खोकला तीन आठवड्यांचा आहे, थुंकी तपासून घ्या. या मुलाला उद्याच दाखवा, मी खालच्या रस्त्यावर थांबते. मी हे एका वाडीत स्वतः पाहिलं. माझ्या तपासणी अहवालात त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

पुढच्या फेरीसाठी मुदतवाढ देऊ केली तेव्हा त्या नको म्हणाल्या. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. महाडात भेट होई तेव्हा सारिकाची चौकशी मी त्यांच्याकडेच करायचो. मोरू मुंबईहून येऊन आईशी भांडून गेला होता. चंद्राबाई शरिफाबाईंशी बोलत नव्हती. बाजाराच्या दिवशी पोलादपुरात समोरासमोर आली तरी मान वळवून जायची. शरिफाबाई हे सांगत तेव्हा तक्रारीचा सूर नसे. "बरोबर आहे तिचं," एवढंच म्हणत.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर एक दिवस चंद्राबाई महाडात शरिफाबाईंचं घर विचारत आली. सोबत सारिका, आणि एक कापडी बोचकं. दारातच उभी राहून म्हणाली, "सातवा लागलाय हिला. वर ठेवायची नाय मी. तुज्याकडं जागा हाय काय?"

"आहे," शरिफाबाई म्हणाल्या.

"आमी भाडं देऊ."

"आत तर या, मावशी."

शरिफाबाईंच्या सासूने पडवीतली खोली रिकामी करून दिली. पहिले आठ दिवस चंद्राबाई स्वतःचा स्टोव्ह पेटवून वेगळी पेज करायची, भांडीही वरून आणलेली. नवव्या दिवशी रॉकेल संपलं. शरिफाबाईंच्या सासूने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं पुढे ठेवलं. चंद्राबाई थोडा वेळ बसून राहिली, मग जेवली.

दर चार दिवसांनी शरिफाबाई सारिकाला रक्तदाब तपासायला नेत. नवव्या महिन्यात तो पुन्हा चढला. डॉक्टरांनी भरती केलं, ऑपरेशन झालं. मुलगी झाली, सव्वादोन किलोची. दोघी सुखरूप.

बारशाला चंद्राबाईने निरोप धाडला, त्या साहेबालाही घेऊन ये. म्हणून बोरखिंडवाडीचा तो चढ मी पुन्हा चढलो, या वेळी कागदांशिवाय. अंगणात मांडव घातला होता. मोरू आला होता, त्याने माझ्या हातात नारळ दिला. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या.

जेवणाआधी चंद्राबाईने शरिफाबाईंना हाक मारून घराच्या मागच्या अंगाला नेलं. मी हात धुवायला तिकडेच गेलो होतो, म्हणून दिसलं. बांधाच्या खाली, बोरीच्या झाडापाशी, चार दगड रचलेले होते. पहिलं बाळ हैबतीने महाडहून जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून वर आणलं होतं आणि तिथे ठेवलं होतं, हे शरिफाबाईंना तोवर माहीत नव्हतं.

चंद्राबाईने दगडांवरचा पालापाचोळा हाताने बाजूला केला. शरिफाबाईंनी डोक्यावर ओढणी घेतली, दोन्ही हात पुढे धरले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. चंद्राबाई त्यांचं होईपर्यंत थांबली.

"चल," मग ती म्हणाली, "पानं मांडल्यात. लोकं खोळंबल्यात."

दोघी माझ्या अंगावरून मांडवाकडे गेल्या. शरिफाबाईंचे डोळे लाल होते. पंगतीत त्या चंद्राबाईशेजारी बसल्या आणि पानात वाढलेलं थोडंसंच खाल्लं.